कुपवाडला मशीन रिकामं, गावात पोरं रिकामी: कॉलेज आणि कंपनीची सांगड नेमकी कुठं सुटते?

कुपवाड_वर्कशॉप (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून द्यायचं) शॉप आहे. तीन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक जुना लेथ, एक ग्राइंडर आणि मला धरून १४ माणसं. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट करतो. गेल्या तीन वर्षांतली माझी सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणूस. ऑर्डर आहे, बँकही सांभाळून घेते, पण चांगला सेटर (मशीन कामाला लावून देणारा माणूस) मिळत नाही. एक व्हीएमसी सेकंड शिफ्टला बंद ठेवायला लागायची कारण चालवायला कोण नाही. आणि त्याच वेळी दर आठवड्याला कोणतरी बाप पोराला घेऊन दारात उभा, हातात फाईल, फाईलीत आयटीआयचं नाहीतर डिप्लोमाचं नाहीतर कुठल्यातरी स्किल कोर्सचं सर्टिफिकेट. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडनं येतात, दोन दोन एसटी बदलून. त्या बापाला परत पाठवताना जीवावर येतं.

पोराला बसवून विचारलं तर जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) धडाधडा सांगतं. मग मशीनपाशी नेऊन म्हटलं की बाबा सॉफ्ट जॉ (जॉब धरणारे मऊ जबडे) बोअर कर, जॉब (करायचा पार्ट) बांध, टूलचा ऑफसेट (टूल कुठं आहे ते मशीनला सांगायचं माप) घे, पहिला पीस काढ आणि मायक्रोमीटरनं मापून दाखव, की तिथं हात थांबतो. पोराची चूक नाही हो. जिथं शिकला तिथं वीस पोरांत एक सीएनसी आणि तीही सहा महिने बंद, मग हात बसणार कुठनं.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजनं (नाव घेत नाही) माझ्याशी आणि आणखी सात-आठ जणांशी करार केला. नारळ, शाल, बुके, पेपरात फोटो. मी मनापासून गेल्तो, घरी येऊन बायकोला म्हटलं आता आपल्याला पोरं घडवून घेता येतील. त्यानंतर आठ महिने फोन नाही. नवव्या महिन्यात ४५ पोरं एका बसमधनं आली, पाऊण तासात सगळं शॉप बघून, चहा पिऊन गेली, आणि करार तिथंच संपला. मला लई वाईट वाटलं. नंतर तो कागद काढून नीट वाचला तर मी काय शिकवणार, किती तास, कोण लक्ष ठेवणार, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. सही करताना मीही ते विचारलं नव्हतं.

तर मला समजून घ्यायचंय की ही गाठ कुठं सुटते. इथं आयटीआयचे सर आहेत, कंपन्यांतले एचआर आहेत, शिकाऊ म्हणून राबलेली पोरं-पोरी आहेत. खरं खरं लिहा. गेल्या जुलैपासून मी दोन पोरांवर एक प्रयोग केलाय, त्याचं नंतर सांगतो, आधी तुमचं ऐकू दे.

फिटर_सर (रविवार, सकाळी ७.१५)

शासकीय आयटीआयत १९ वर्षं निदेशक आहे, सातारा जिल्ह्यात. तुमचं रात्री वाचलं आणि सकाळी उठून पहिलं हेच लिहायला बसलोय.

आधी आमची बाजू सांगतो, राग मानू नका. फिटरला पोरगं येतं दहावी करून. पहिलं वर्ष कानस, हॅकसॉ, मार्किंग, ड्रिल, टॅप यातच जातं. बाहेरच्या लोकांना वाटतं आजकाल कोण कानशी घासत बसतंय. पण ज्या पोरानं हातानं घासून काटकोन आणलाय, गुण्याखाली धरून उजेडाची फट बंद केलीय, त्यालाच पुढं मशीनवर दोन शतांश मिलिमीटरची किंमत कळते, हे मी दरवर्षी बघतो. तेव्हा ते बंद करा असं कुणी म्हणू नका. अडचण दुसऱ्या वर्षाची आहे. आमची मशीनं जुनी, मटेरियलला पैसे तुटपुंजे, आणि सगळ्यात अवघड गोष्ट अशी की मी स्वतः चालू शॉपमध्ये सलग आठवडाभर उभा राहिलो त्याला १२-१३ वर्षं झाली. नवा कंट्रोलर (सीएनसीचा कॉम्प्युटर) मी यूट्यूबवर बघून शिकवतो. पोरांना ते कळतं. त्यांची नजर पडते तेव्हा बरं वाटत नाही.

आता सांगडीचं. योजना नाहीत असं अजिबात नाही. २००७-०८ ला केंद्रानं देशातल्या १३९६ आयटीआय घेतल्या, प्रत्येकीला अडीच कोटी बिनव्याजी कर्ज, आणि संस्थेची व्यवस्थापन समिती करून तिचा अध्यक्ष उद्योगातला माणूस. कागदावर फार चांगली गोष्ट. मी एका ठिकाणी असताना अध्यक्ष महिन्यातनं दोनदा यायचे, वर्कशॉपमध्ये फिरायचे, पोरांचा जॉब हातात घेऊन बघायचे, त्या वर्षांत आमची पोरं कंपन्यांनी उचलली. पुढच्या ठिकाणी अध्यक्ष सहीपुरते. योजना तीच होती बघा.

२०१६ पासून ड्युअल सिस्टीम आहे. थिअरी आणि पायाभूत काम आयटीआयत, ठरलेले महिने कंपनीत, आणि कंपनीतले महिने अभ्यासक्रमातच धरतात, वेगळं वर्ष जात नाही. आपल्या भागाला हे चपखल बसतं. पण कंपनी शोधायची, करार करायचा, पोरांची ने-आण, हजेरी, सेफ्टी शूज, सगळं एका निदेशकाच्या डोक्यावर, आणि त्याचा तास मात्र कुणी कमी करत नाही.

मला विचाराल तर गाठ सुटते ती गुणांपाशी. कंपनीत सहा महिने जे केलं त्याचे गुण तिथला माणूस देणार का, आणि ते निकालात दिसणार का? दिसत नसतील तर पोरगंही तिथं वेळ काढतं आणि सुपरवायझरही. आमच्याकडं परीक्षेला येणारा प्रॅक्टिकल जॉब ठरलेला, त्यामुळं शेवटचे दोन महिने पोरं कंपनी सोडून त्याच जॉबची तयारी करायला परत मागं येतात. मी त्यांना नाही कसं म्हणू.

मिरजेची_मशिनिस्ट (रविवार, सकाळी ९.०२)

सर, गुणांचं बरोबर बोललात, पण माझा अनुभव ऐका मग अजून एक गाठ दिसेल.

मी मशिनिस्ट ट्रेड केला, बॅचला २० जणांत आम्ही दोघी मुली. नंतर एका मोठ्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, नाव सांगत नाही. घरी पेढे वाटले होते. पहिल्या दिवशी डिबरिंगच्या (पार्टच्या कडेचे धारदार कण, म्हणजे बर, काढायच्या) टेबलावर बसवलं, हातात बर काढायचं पातं दिलं, आणि नऊ महिने मी तिथंच. दिवसाला कधी चारशे कधी पाचशे पीस. मशीन माझ्यापासून वीस फुटांवर चालू असायची, मी मान वळवून बघायचे, ऑपरेटर काय बटन दाबतो ते वहीत लिहून ठेवायचे. आणि लॉगबुक? ते शेवटच्या आठवड्यात एका दुपारी भरलं, सगळ्या पानांवर एकदम सह्या झाल्या. त्यात लिहिलंय की मला मिलिंग, ग्राइंडिंग, सेटिंग येतं. मला येत नव्हतं आणि ते लिहिलेलं बघून रडू आलं होतं.

मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं की शिकाऊ उमेदवार कायदा म्हणून १९६१ पासून कायदा आहे, त्यात शिकाऊला पीसवर पैसे देता येत नाहीत, प्रॉडक्शन बोनसच्या स्कीममध्ये ओढता येत नाही, आणि परवानगी असल्याशिवाय ओव्हरटाईमला थांबवता येत नाही. कारण कायद्याच्या नजरेत शिकाऊ हा कामगार नाही, शिकणारा आहे. पोरांनो हे पाठ करून जा. भांडायला नाही, पण माहीत असलं की विचारता येतं.

मी सध्या मिरज एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये आहे. तिथल्या काकांनी (पंचावन्नच्या पुढचे असतील) पहिल्या आठवड्यात मला मशीनला हातच लावू दिला नाही. म्हणाले बाळ डोळे मिट आणि आवाज ऐक. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) चांगला असताना आवाज कसा, टोक गेलं की कसा, चिप निळी पडायला लागली की काय समजायचं. तीन महिन्यांत मी सेटिंग करायला लागले. नऊ महिन्यांत जे झालं नाही ते तीन महिन्यांत झालं, फरक एका माणसाचा. करार करताना तो माणूस कोण हे लिहून घ्या एवढंच मला म्हणायचंय.

आणि मुली का येत नाहीत असं विचारतात सगळे. शॉपमध्ये बायकांसाठी कडी लागणारं वेगळं संडास आहे का, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी कसं जायचं, हे दोन प्रश्न आमच्या आया विचारतात. उत्तर मिळालं की येतात मुली.

वारणाकाठ (रविवार, सकाळी ९.४०)

ताई मनापासून +१. पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही की शिकवून झाल्यावर नोकरीची हमी काय? फुकटात राबवून घ्यायचं आणि वर्ष संपलं की नवी बॅच. शिकाऊला कायम करायचं बंधन पाहिजे कंपनीवर, त्याशिवाय हे सगळं स्वस्त मजूर मिळवायचं साधन होतं.

शिरवळ_एचआर (रविवार, सकाळी ११.२०)

वारणाकाठ, तुमचा राग समजतो. मी स्वतः आयटीआय करून, मग पत्राद्वारे डिग्री करून एचआरला आलोय, त्यामुळं दोन्हीकडचं माहीत आहे. कायद्यानं कायम करायचं बंधन नाही, ते खरं. कंपनीनं आपलं धोरण ठरवायचं असतं. पण ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घ्यायलाच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के, कंत्राटी धरून. चार ते २९ माणसं असलेल्यांना ऐच्छिक, म्हणजे कुपवाडच्या मालकांनी स्वतःहून घेतलेत हे लक्षात घ्या.

पैशाचं स्पष्ट लिहितो कारण लोक अर्धवट ऐकून येतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय पास पोराला महिना किमान ७००० ठरवले, डिप्लोमाला ८०००, डिग्रीला ९०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. केंद्राच्या शिकाऊ प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचे २५ टक्के पण जास्तीत जास्त १५०० देतं, म्हणजे ७००० ला १७५० होत असले तरी मिळणार १५००. बाकी कंपनीचे. आता हा आमच्यासाठी फार मोठा खर्च नाही. खरा खर्च दुसरा आहे आणि तो कुठल्याच फॉर्ममध्ये लिहायला जागा नाही, तो म्हणजे सुपरवायझरचा वेळ. माझ्याकडच्या सुपरवायझरला शिफ्टला ठरलेला आकडा काढायचाय. त्याच्या वर्षाच्या मूल्यमापनात प्रॉडक्शन आहे, रिजेक्शन आहे, सेफ्टी आहे. 'किती पोरं शिकवली' हा रकानाच नाही. मग तो पोराला मशीनवर कशाला उभं करेल, तो त्याला पॅकिंगलाच बसवणार, ताईंच्या बाबतीत तेच झालंय. मी गेली दोन वर्षं आमच्याकडं हा रकाना टाकायला मागं लागलोय, यंदा एका लाईनवर मान्य झालं. त्या लाईनच्या सुपरवायझरला शिकाऊ असेपर्यंत आकडा थोडा कमी दिलाय. बघू.

दुसरी बाजू पण ऐका. पोरं तिसऱ्या महिन्यात हजार रुपये जास्त मिळाले की चाकण-रांजणगावला जातात, न सांगता. फोन बंद. मग वरचे साहेब मलाच विचारतात की तुझी ती पोरं कुठायत.

वारणाकाठ (रविवार, सकाळी ११.३८)

हजारासाठी जातात कारण ७००० त खोलीभाडं आणि मेस निघत नाही साहेब. तरी तुम्ही आकडा कमी दिला हे चांगलं केलंत, असं कुणी करतं हे पहिल्यांदा ऐकलं.

पलूसकर_आजोबा (रविवार, दुपारी १.०५)

मी १९८४ ला आयटीआयला लागलो. मला महिना ४० रुपये विद्यावेतन होतं. पुढं शिकाऊ म्हणून लागलो तिथं आमचे उस्ताद होते, त्यांनी मला तीन आठवडे फक्त एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) टूल ग्राइंडरवर घासायला लावलं. घासायचं, दाखवायचं, ते गेजवर धरायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. विसाव्या दिवशी त्यांनी ते टूल माझ्याच लेथला बांधलं. तो दिवस मी विसरलो नाही.

आपल्या भागाला हे नवीन नाही एवढंच सांगायला लिहितोय. १९१० साली कुंडल रोडच्या (आताच्या किर्लोस्करवाडीच्या) माळावर औंधच्या राजेसाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जमीन दिली तेव्हा तिथं निवडुंग आणि साप होते म्हणतात, कारागीर नव्हते. आसपासच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या, सुतार-लोहारांच्या पोरांनाच हाताशी धरून शिकवायला लागलं. कर्मवीर भाऊराव पाटील तर रयत काढायच्या आधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेत, कारखाना काय असतो ते त्यांनी आतनं बघितलेलं होतं. १९१९ ला रयत काढली आणि पुढं 'कमवा आणि शिका' आणलं ते काय उगीच नाही. शेतात काम करून, दगड फोडून पोरं शिकली. तेव्हा काम आणि शाळा वेगवेगळ्या तालुक्यांत नव्हत्या.

तासगाव_ते_केंटकी (रविवार, रात्री ८.३०)

मी तासगावचा, डिप्लोमा सांगलीत, आता नऊ वर्षं केंटकीत मेंटेनन्सला आहे. इकडचं थोडं सांगतो, डोळे मिटून उचला असं म्हणणं नाही.

इथं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजसारखं, दोन वर्षांचं, स्थानिक, फी कमी. पहिलं सरकारी १९०१ ला इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. माझ्याबरोबर काम करणारी निम्मी माणसं अशाच कॉलेजातनं आलीत, काही तिशी-चाळिशीत, लेकरं झाल्यावर शिकलेली.

इथं जॉर्जटाऊनला टोयोटाचा कारखाना आहे. त्यांनी २०१० ला तिथल्या ब्लूग्रास कम्युनिटी कॉलेजबरोबर फेम नावाचा कार्यक्रम सुरू केला. पोरगं आठवड्यातले दोन दिवस कॉलेजात आणि तीन दिवस कारखान्यात, कारखान्याच्या दिवसांचा पगार मिळतो, दोनेक वर्षांत असोसिएट डिग्री हातात. विषय नुसते मशीनचे नाहीत, वेळेवर येणं, जागा स्वच्छ ठेवणं, बिघाडाचं मूळ शोधणं हे पण शिकवतात आणि तपासतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तो कार्यक्रम टोयोटानं स्वतःपुरता ठेवला नाही. एका भागातल्या कंपन्या मिळून गट करतात, त्यात लहान पण असतात, आणि गट ठरवतो की आपल्याला काय येणारी माणसं पाहिजेत. कॉलेजला आठ जणांकडनं आठ गोष्टी ऐकायला लागत नाहीत. दक्षिण कॅरोलिनात तर २००७ पासून तिथल्या टेक्निकल कॉलेजांच्या संस्थेकडंच अप्रेंटिसशिपचं काम दिलंय, त्यांचा माणूस कंपनीत जाऊन कागदपत्र करून देतो, आणि मालकाला प्रत्येक शिकाऊमागं कर सवलत. फिटर सर, तुमच्या डोक्यावरची हजेरी आणि करार कुणीतरी दुसऱ्यानं उचलायचा असतो तो असा.

आपल्याकडं यूजीसीनं पण कम्युनिटी कॉलेज आणि बी.व्होक (कामधंद्याची डिग्री) आणलं, पण माझे चुलतभाऊ सांगतात ते बघता काही ठिकाणी कंपनीचा भाग प्रोजेक्ट रिपोर्टवरच भागतो. आणि इथली एक सोय मी विसरू शकत नाही, इथं पोराकडं जुनी का होईना गाडी असते. आपल्या पोराला एसटी धरायचीय.

मिरज_वॉर्ड (रविवार, रात्री ९.१०)

मी नर्स आहे, तुमचं मशीनचं काही कळत नाही पण वाचत गेले. आमच्याकडं नर्सिंगच्या पोरीला पहिल्याच वर्षी वॉर्डला पाठवतात. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर. प्रत्येक प्रोसिजरची वही असते, आधी बघितलं, मग मदत केली, मग सिस्टरच्या देखत स्वतः केलं, तिन्हीच्या वेगळ्या सह्या. सही करणाऱ्या सिस्टरला ठाऊक असतं की उद्या हीच पोरगी पेशंटला सुई टोचणार आहे, त्यामुळं उगीच सही होत नाही. आमच्या गावात १८९४ पासून वॉनलेसचं हॉस्पिटल आहे, मिरजेच्या कित्येक पिढ्यांनी हे काम अशाच पद्धतीनं हाताखाली शिकून उचललंय. मशीनला असं का जमू नये?

कुपवाड_वर्कशॉप (सोमवार, रात्री ११.१५)

दिवसभर शॉपमध्ये होतो, आत्ता जेवून बसलोय. सिस्टर, तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण मी जे गेल्या जुलैपासून करतोय ते जवळजवळ तेच आहे, फक्त मला तीन सह्यांचं सुचलं नव्हतं. उद्यापासून करतो.

तर प्रयोग. दोन पोरं रीतसर शिकाऊ म्हणून पोर्टलवर नोंदवून घेतली. एक साधी २०० पानी वही केली प्रत्येकाची. पहिला महिना फक्त माप: व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, रोज एकच पीस दहा वेळा मापायचा आणि आकडे लिहायचे, शिवाय मशीन पुसणं, ऑईल बघणं, इन्सर्टची नावं. दुसऱ्या महिन्यात जॉ बोअर करणं आणि जॉब बांधणं. तिसऱ्यात ऑफसेट. एका पार्टवर सहा आठवड्यांपेक्षा जास्त कुणाला ठेवायचं नाही हा नियम मी भिंतीवर लिहिला म्हणजे मलाच मोडता येऊ नये. आणि रोज तीन ते चार एका मशीनला आकडा नाही. तो तास पोरांचा आणि माझ्या सेटरचा. त्या तासाचं प्रॉडक्शन मी सोडलं, एचआर साहेब म्हणतात तो खर्च तोच.

सोपं गेलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका पोरानं ऑफसेटमध्ये ०.१ च्या जागी १.० टाकलं आणि सायकल स्टार्ट. बोरिंग बार चकवर आपटला, तुटला, टरेट (टूल धरणारं डोकं) हलला, मशीन दोन दिवस बंद. मी पोरावर लई ओरडलो. ते पोरगं पांढरंफटक पडलं होतं. माझा सेटर मला बाजूला घेऊन म्हणाला, मालक, पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळीला थांबत) आणि रॅपिड (टूलचा मोकळा वेग) कमी करून चालवायचा, हे आपण त्याच्या वहीत लिहिलंय का? नव्हतं लिहिलं. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलंय की शिकवायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. त्या रात्री पोराच्या घरी फोन केला, म्हटलं उद्या पाठवा, ये म्हणावं. तो आला. आता ते वाक्य दोन्ही वह्यांच्या पहिल्या पानावर आहे.

फिटर सर, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. जवळच्या एका आयटीआयचे निदेशक चार शनिवार माझ्याकडं आले, कुणी पाठवलं नव्हतं, आपणहून. पहिल्या शनिवारी लांबच उभे राहिले. दुसऱ्या शनिवारी माझा सेटर त्यांना कंट्रोलर दाखवत होता आणि ते त्याला कटिंग फोर्सचं गणित समजावून सांगत होते, जे माझ्या सेटरला २२ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दोघं चहा विसरून गेले. मला वाटतं पोरांच्या आधी सरांना शॉपमध्ये आणायला पाहिजे आणि त्यांचा तो वेळ ड्युटीत धरायला पाहिजे.

सात महिन्यांनी एक पोरगं चाकणला गेलं. सांगून गेलं, पाया पडून गेलं. त्याच्यावर घातलेला वेळ गेला म्हणून रात्री झोप आली नाही हे खरं आहे. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, सर इथं दुसऱ्याच दिवशी मला सेटिंगला घेतलं. दुसरं पोरगं, ज्यानं बार तोडला तेच, माझ्याकडं आहे. बंद व्हीएमसी आता सेकंड शिफ्टला चालते, तोच चालवतो. वारणाकाठ, हमी मी लिहून दिली नव्हती, पण त्याचा शिकाऊचा काळ संपला की पगार किती हे मी सुरुवातीलाच त्याच्या वडिलांसमोर सांगितलं होतं. तेवढं तरी प्रत्येकानं सांगावं असं मला वाटतं.

केंटकीच्या दादांचं गटाचं मनावर घेतलंय. माझ्याकडं टर्निंग आणि मिलिंग आहे, ग्राइंडिंग चांगलं नाही. पलीकडच्या गल्लीत एकाकडं ग्राइंडिंग उत्तम आहे, एकाकडं सीएमएम (पार्ट मापायचं मशीन) आहे. सहा शॉप मिळून एकच वही, पोरगं दोन-दोन महिने फिरतं, असं का नको? दोघांशी आज बोललो, एक हो म्हणाला, एक म्हणाला माझं शिकवलेलं पोरगं तूच ठेवून घेशील. त्याचं म्हणणं खोटं नाही, त्यावर बसून बोलायला लागेल.

फिटर_सर (मंगळवार, सकाळी ६.५०)

मी येतो. साताऱ्याहून गाडी काढून येतो, माझ्याबरोबर आणखी एक मशिनिस्टचे निदेशक येतील. माझ्या ट्रेडची परीक्षेच्या जॉबची यादी घेऊन येतो, त्यातले कुठले तुमच्या वहीत बसतात ते समोरासमोर लावू, म्हणजे पोरांना दोनदा तयारी करायला लागणार नाही.

ऑक्टोबर २०२५ ला केंद्राची पीएम-सेतू योजना सुरू झालीय, १००० आयटीआय, ६०,००० कोटी, एक मोठी संस्था मध्यभागी आणि तिला जोडलेल्या लहान. त्यात उद्योगाला मोठी जागा आहे. पैसे येतील तेव्हा येतील, मशीन येईल. ती आली की तिच्यावर काय शिकवायचं हे लिहिलेली वही आपल्याकडं तयार असू दे.

शिरवळ_एचआर (मंगळवार, सकाळी ९.३०)

मला पण बोलवा. दुसऱ्याचं शिकवलेलं पोरगं उचलायचं नाही, उचललं तर शिकवण्याचा खर्च वाटून घ्यायचा, असा साधा कागद सहा जणांत करता येईल का ते बघतो, मसुदा आणतो.

कवठेमहांकाळची_आई (मंगळवार, दुपारी २.२०)

मी हे सगळं माझ्या मोठ्या मुलीकडनं वाचून घेतलं आणि तीच टाईप करतीय. माझा मुलगा मशिनिस्ट झालाय, निकाल लागून पाच महिने झाले. त्याला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात नाव घाल म्हणून सगळे सांगतात, तिथं आयटीआयवाल्याला महिना ८००० आहेत. शिकाऊला ७०००. आमच्यासारख्याला हजार रुपये मोठे आहेत. कुठलं बरं? आणि आमच्या गावातनं पहिली एसटी साडेसहाला आहे, मिरजेत पोचायला आठ होतात. सातच्या शिफ्टला तो कसा पोचणार? खोली घेऊन राहायची ऐपत नाही.

मिरजेची_मशिनिस्ट (मंगळवार, दुपारी ३.०५)

मावशी, ती योजना ठराविक महिन्यांची आहे, आधी सहा होते मग पाच वाढवले. पैसे मिळतील, आणि चांगल्या ठिकाणी पडला तर शिकेलही. पण मशिनिस्टचं शिकाऊ पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं, ते पुढं रेल्वेच्या आणि इतर सरकारी भरतीतही विचारतात. त्याचा हात मशीनवर बसायचा असेल तर मी शिकाऊच म्हणेन. आधी त्याला एवढंच विचारा की तुला मशीन आवडतं का.

कुपवाड_वर्कशॉप (मंगळवार, रात्री १०.०५)

कवठेमहांकाळच्या ताई, माझ्याकडं शिकाऊंना सातची शिफ्ट नाही, साडेआठ ते पाच आहे, याच कारणासाठी. माझा आत्ताचा पोरगा पण एसटीनंच येतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला सगळे माझ्या शॉपवर बसतोय. मुलाला घेऊन या, सर्टिफिकेट नसलं आणलं तरी चालेल, त्याला मशीन दाखवतो आणि मायक्रोमीटर हातात देतो. पत्ता आणि नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय. मिरज स्टँडवर उतरून फोन करा, न्यायला येतो.

कवठेमहांकाळची_आई (मंगळवार, रात्री १०.३०)

येतो दादा. रविवारी पहिली गाडी नसते, पावणेआठची धरतो. थोडा उशीर झाला तर थांबा.